ठकूबाई आणि राईतला झरा

फार वर्षांपूर्वीची, आपल्या पणज्यांच्याही आधीची गोष्ट. निवेखोल गावात ठकूबाई राहायची. तिच्यासारखं अंगण पंचक्रोशीत कुणाचं नव्हतं. खोऱ्याने खरवडून, चोपून, शेणाने सारवून ती ते असं करायची, की त्यावर सांडलेलं दूधही वाटीत भरून घ्यावं, असं म्हणतात.

एका शिमग्याला पालखी यायच्या आधी ती देवराईत गेली. झाडांखाली पाचोळा आणि वाळकी पानं. तिला देवापुढेच लाज वाटली, म्हणून तिने राईचंही अंगण केलं. मातीत रानहळदीचे, भुईचाफ्याचे कंद पावसाची वाट बघत निजले होते, ते तिने कचरा समजून उपटले आणि ओढ्यात फेकले. गाव खूश झालं. "वा गो ठकू, देवाचा दार उजळलंस!" सगळे म्हणाले.

मग पाऊस लागला. माती धरून ठेवायला झाडांखाली काही उरलं नव्हतं. माती वाहून गेली, झाडांची मुळं उघडी पडली आणि राईतला झरा गाळाने बुजला. गावाला प्यायला तेवढाच झरा होता. बायका हंडे घेऊन डोंगर चढू-उतरू लागल्या.

ठकूबाई गुरवाच्या दारात उभी राहिली. "काका, माज्या हातून झाला. मला बोला तरी."

गुरव बोलला नाही. वाहवा करणारं गावही बोललं नाही.

लाजेने तिची मान खाली गेली ती पुन्हा वर झालीच नाही. दर पावसाळ्यात ती रानातून पदरात कंद आणायची, सावली बघून लावायची, वरून पाचोळा पसरायची. तिच्याबरोबर झाडांची सावलीही चालायची आणि ती टेकेल तिथे उघड्या कातळावरसुद्धा रानहळद फुटायची, असं म्हणतात. तिच्या स्वतःच्या अंगणात मात्र गुडघाभर गवत माजलं.

शेवटी एका वर्षी राईत पानांखाली जमीन दिसेनाशी झाली आणि झरा सुटला. बायका तिला सांगायला धावल्या. ती रानहळदीत पालथी पडलेली होती. उचलायला गेल्या, तर हाती नुसती ओली पानं आली, असं म्हणतात.

आजही निवेखोलात राईत कुणी खोरं नेत नाही. नवी सून परसातल्या फणसाखाली ठकूबाईच्या नावाने रानहळदीचा कंद लावते. आणि रानहळद फुलली की सगळं गाव राईत जमतं, माना खाली घालतं आणि म्हणतं, "ठकूबाय, चूक आमचीबी व्हती. आता वर बघ."

ती जिवंत असताना हे म्हणायला कुणाचंच तोंड उघडलं नाही.