सां-वेरानची तुरट नाशपाती

फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या टेकड्यांत सां-वेरान नावाचे लहानसे गाव आहे. तिथली नाशपातीची दारू, जिला ते लोक ‘प्वारे’ म्हणतात, चाखायला लांबलांबून माणसे येतात. सोनेरी, हलकी, जिभेवर फसफसणारी. पण ज्या फळापासून ती होते, ते नुसते खाऊन पाहावे तर तोंडाला मिठी बसते, जीभ सालपटासारखी होते. डुकरेसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. ही झाडे मुळात अशी नव्हती, असे गावातले म्हातारे सांगतात. त्यांना एका बाईचा राग लागला आहे.

त्या काळी बाग जहागीरदाराची होती आणि फळ मधासारखे गोड होते म्हणे. तोडणीला सारे गाव राबायचे, पण एक फळ चाखायची कुणाला मुभा नव्हती. तोडणाऱ्यांनी सतत शीळ घालत राहायचे, असा कारभाऱ्याचा हुकूम होता. शीळ घालणारे तोंड खाऊ शकत नाही. कुणाची शीळ थांबली की तो काठी घेऊन त्या झाडाखाली हजर.

तोडणाऱ्यांत ओदिल नावाची एक विधवा होती आणि तिची एकुलती लेक लिझों. लिझोंला सातवा महिना लागला होता. घरात पातळ पेजेशिवाय काही नव्हते, आणि पोरीला डोहाळे लागले ते नेमके नाशपातीचे. “आई, एकच गं,” ती म्हणायची, आणि ओदिल तिला गप्प करायची.

एका दुपारी लिझोंची शीळ थांबली. कारभारी आला तेव्हा तिच्या हनुवटीवरून रस ओघळत होता.

“जनावर चरायला लागलं तर काय करतात, दाखवतो,” तो म्हणाला. त्याने तबेल्यातून घोड्याचा लगाम मागवला, त्याची लोखंडी कडी तिच्या दातांत घातली, वादी मानेमागे आवळली आणि तिला भर उन्हात उभे केले.

ओदिलने त्याचे पाय धरले. “गरोदर आहे हो ती! मला मारा, काय हवं ते करा.”

“तू शीळ घाल,” तो म्हणाला. “नाहीतर ती उद्याही अशीच उभी राहील.”

आणि ओदिलने, लेकीच्या डोळ्यांत बघत, दिवस मावळेपर्यंत शीळ घातली.

दुसऱ्या दिवशी लिझोंला अवेळी कळा सुरू झाल्या. मूल गेले, पाठोपाठ तीही गेली.

ओदिल रडली नाही, असे सांगतात. लेकीला मूठमाती दिली आणि हातांची माती न धुता ती तडक बागेत शिरली. तोच लगाम तिच्या मुठीत होता. एकेका झाडाच्या बुंध्यावर तो आपटत ती ओरडत सुटली, “माझ्या लेकीच्या घशाखाली एक फळ उतरू दिलं नाही! आता कुणाच्याच उतरू देऊ नका. जो दात लावील त्याचं तोंड आवळून टाका!”

तिला अडवायला कारभारी धावला, पण तिचा चेहरा पाहून तो तिथेच थबकला म्हणे.

पुढच्या मेजवानीत जहागीरदाराच्या पाहुण्यांनी नाशपाती चावली आणि पानातच थुंकली. दुसऱ्या झाडाची आणली, तीही तशीच. संतापलेल्या जहागीरदाराने फळांच्या टोपल्या गावात ओतायला लावल्या. “घ्या, मरा खाऊन!” तो म्हणाला. फेकून देणे जिवावर आले म्हणून लोकांनी ती ठेचली आणि रस पिंपांत भरून ठेवला. वसंतात पिंप उघडले, तेव्हा आत आजची ही दारू होती.

तिचा लौकिक वाड्यावर पोचला. जहागीरदार एका बड्या सरदाराला ती पाजण्याचा शब्द देऊन बसला होता; तो कारभाऱ्याला घेऊन स्वतः गावात आला. कोठाराच्या दारात ओदिल उभी होती. तिच्या मागे सारे गाव कुऱ्हाडी घेऊन उभे होते, पिंपे फोडायच्या तयारीने.

“आधी तोडणाऱ्यांना जेवू घाला,” ती म्हणाली. “तुमच्या हातानं, टोपी काढून. नाहीतर सगळी मातीत ओतते.”

जहागीरदाराने टोपी काढली आणि वाढायला घेतले. मग ओदिलने कारभाऱ्याच्या हातात जपून ठेवलेली एक नाशपाती दिली. “ही खा. आणि माणसं जेवतात तोवर शीळ घाल.”

त्याने ती बियांसकट खाल्ली. ओठांचा चंबू केला, गाल फुगवले. नुसती हवा निघाली. लोक हसले. ओदिल हसली नाही. गावचा पाद्री तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “पुरे झालं, ओदिल. आता क्षमा कर त्याला.”

“लिझोंला विचारून या,” ती म्हणाली.

मरेपर्यंत तिने क्षमा केली नाही, आणि करायला हवी होती असे त्या गावात कुणी म्हणत नाही.

आजही तोडणीच्या दिवसांत सां-वेरानला झाडांखाली मेजे मांडतात. बागेचा मालक कितीही मोठा असो, उघड्या डोक्याने वाढतो आणि शेवटचा तोडणारा हात पुसून उठेपर्यंत स्वतः बसत नाही. तोडणाऱ्यांत कुणी दोन जिवांची असली, तर मालक आधी तिच्यापाशी जाऊन विचारतो, “बाई, काय खावंसं वाटतंय?” ती मागेल ते येऊन तिचा पहिला घास पोटात जाईपर्यंत त्या मेजावर कुणी भाकरीला हात लावत नाही.