केरबा आला ती दुपार

फार वर्षांपूर्वी, ओढ्यावर पूल नव्हता आणि पलटणीत गेलेल्या पोराची खबर यायला सहा-सहा महिने लागत, तेव्हा मोरदऱ्यात केरबा धनावडे नावाचा शिपाई होऊन गेला. धनावड्यांच्या घरात मिसरूड फुटलं की पोरगं पलटणीत जायचं. पणजा लढाईत गेला, बाप सरहद्दीवर गेला. आजा हैबती हवालदार तेवढा मिशीसकट परत आला. त्यानं आवाज चढवला की गावातली कुत्रीसुद्धा सावधान उभी राहत, असं म्हणतात.

या हैबतीचा घरात एक नियम होता. रजेवर आलेल्यानं आधी स्वतःच्या घरी जायचं नाही. पलटणीत गावची जी पोरं असतील, त्यांच्या आयांना खुशाली सांगायची आणि मगच आपल्या घरात पाऊल टाकायचं. "आपली आई काय, बघंलच की," तो म्हणायचा. "दुसरीच्या जिवाला घोर असतो." केरबाची आई ठकूबाई तरणेपणीच विधवा झालेली, एवढ्या एका लेकावर जीव लावून बसलेली. नियम तिलाही पटला होता. निदान ती तसं म्हणायची.

मोठी लढाई लागली आणि केरबा समुद्रापार बसऱ्याकडं गेला. बरोबर गावची सहा पोरं होती. दीड वर्ष गेलं. आणि वैशाखातल्या एका भर दुपारी केरबा गावात आला.

इथून पुढं जो गुंता होतो, तो अजून कुणाला सुटलेला नाही. तुळसाकाकूच्या दारात तो वर्दीत उभा होता. "काकी, दौलू खुशाल हाय," एवढं बोलून वळला. खालच्या आळीच्या भागूनं पाहिलं, तर तो अनवाणी आणि ओलाचिंब. आभाळात ढग नाही, ओढ्याला थेंब नाही! तिसरी सांगते, त्यानं तांब्याभर पाणी घटाघटा प्यायलं, तरी तांब्या भरलेलाच. सहा घरं, सहा आया, आणि वेळ सगळ्या एकच सांगतात, सावली पायाखाली आली होती तेव्हाची. एक माणूस एकाच वेळी सहा दारांत कसा? मला विचाराल, तर मलाही कळत नाही.

सातव्या घरी, म्हणजे स्वतःच्या, तो आलाच नाही.

शेजारणींनी सांगितल्यावर ठकूबाईनं पाणी तापवलं, भाकरी थापल्या आणि दारात जाऊन बसली. दिवस कलला. मग ती घरोघर विचारत सुटली. कुणी म्हणे वर गेला, कुणी म्हणे खाली. तिचं डोकं चालेना. पोरगं रुसलं का? का या बाया मिळून माझी चेष्टा करतात? सहाव्या महिन्यात सरकारी कागद आला. केरबा त्याच दिवशी, भर दुपारी, नदीकाठच्या लढाईत पडला होता.

ठकूबाई रडून रडून थकली आणि सासऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. जन्मात त्याच्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं. "मामंजी, मरताना बी त्यानं तुमचा हुकूम पाळला. सहा घरं झाली. माझ्यापातूर यायला लेकराला दम पुरला न्हाई."

हवालदार तसाच चावडीपुढं गेला आणि ओरडला, "यापुढं ज्यानं त्यानं आधी आपल्या आईकडं जायचं! वाटंत त्याला कुणी अडवू नका रं!" तो आवाज तिथंच बसला, तो मरेपर्यंत उघडला नाही, असं म्हणतात.

सहाही पोरं धडधाकट परत आली. ठकूबाई मात्र म्हातारपणापर्यंत भेटेल तिला विचारायची, "त्या दुपारी मी कुठं व्हते गं? घरात व्हते, का पाण्याला गेले व्हते?" कुणाला आठवत नसे. तिलाही आठवत नसे.

आजही मोरदऱ्यात शिपाई रजेवर आला की गाव त्याला बघत नाही. एसटीतून तो उतरला की चहावाला पाठ फिरवून भांडी घासतो, पारावरचे म्हातारे तोंड वळवतात, जिवलग मित्रसुद्धा हाक मारत नाही. नवख्याला वाटतं, पोराला वाळीत टाकलंय. याला केरबाची वाट देणं म्हणतात. घरातून "आला गं बाई माझा!" असं ऐकू आलं, की मग सगळं गाव त्या दाराकडं धावतं.

आणि ज्याला आई नाही, तो ठकूबाईच्या उंबऱ्याशी जातो. घर कधीच पडलं, उंबरा तेवढा गावानं राखलाय. तिथं टोपी काढायची, आपलं नाव सांगायचं नाही. एवढंच म्हणायचं, "आई, केरबा आलाय."