विसाजी वकिलाचा काळा झगा

एका राज्यात राजा होता, पण नावाला. सिंहासनावर तो बसे आणि हुकूम सुटे तो सात समुद्रांपलीकडून आलेल्या जादूगाराचा. या जादूगाराने राजधानीत कचेरी उभारली आणि वकिलांना काळे झगे वाटले. झग्याचा गुण असा, की तो अंगात घालून कचेरीत जे बोलावे ते बाहेर खरे होई. मग काय विचारता, वकिलांच्या दारी माणसांची रीघ लागली.

त्यांत सगळ्यांहून धारदार जिभेचा तो विसाजी. जादूगाराला आपल्या देशाचे कापड खपवायचे होते. त्याने विसाजीला उभे केले आणि विसाजी ठणकावून बोलला, "या राज्यात हातमाग कधी नव्हतेच."

कोष्टीआळीतली खटखट थांबली. माग नाहीसे झाले, कोष्ट्यांचे हात मनगटापासून लाकडाचे झाले. विसाजी घरी येतो तो बायको सगुणा, कोष्ट्याचीच लेक, लाकडी हातांनी भाकरी उचलू पाहते आहे.

"या, जिंकून आलात," ती म्हणाली. "आता आपलं आपण वाढून घ्या."

विसाजी पाटावरून उठून ओसरीवर आला. तेव्हा वळचणीची साळुंकी बोलली, "मागावर सूत वाहणारा धोटा मासा होऊन विहिरीत फिरतो आहे. सूत आढ्यावरच्या कोळ्याने जाळ्यात विणले आहे. दोन्ही घेऊन कचेरीत जा. तिसरे काम तिथे कळेल."

विहिरीवर नाग. विसाजीने त्याला कायदा ऐकवायला घेतला.

"वाद घातलास तर डसेन," नाग म्हणाला. "मागता येते का?"

जन्मभर भांडून घेणाऱ्याने ओंजळ पसरली. मासा उडी मारून ओंजळीत आला.

कोळी म्हणाला, "जाळे उलगडेपर्यंत बोलायचे नाही." वकिलाने गप्प बसायचे म्हणजे मांजराने दुधाची राखण करायची. शब्द ओठांशी येई, विसाजी तो गिळून टाकी. अखेर सूत हाती आले.

कचेरीत जादूगार हसला. "वकिलाचे बोलणे साक्षीदारच खोडू शकतो. पण पिंजऱ्यात चढायचे तर झगा उतरवावा लागतो, आणि उतरवलेला झगा परत मिळत नाही. शिवाय तिथे खोटे बोलणारा दगड होतो."

विसाजीने झगा उतरवला आणि पिंजऱ्यात चढला.

"माग होते. माझ्या लग्नातला शेला त्यांवरच विणला होता. मला ठाऊक होते."

"मग खोटे का बोललास?"

"जिंकायचे होते म्हणून."

तो दगड झाला नाही. मासा हातातच धोटा झाला, सूत त्यात जाऊन बसले. आळीत माग परत आले, कोष्ट्यांचे हात पुन्हा हाडामांसाचे झाले. जमिनीवरचा झगा कावळा होऊन खिडकीतून उडाला, त्यामागे बाकीचे झगेही उडाले. झगे गेले तशी जादूगाराची जादू सरली. त्याने गलबत गाठले, आणि राजाने कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या तोंडाने हुकूम दिला: कोष्टीआळीत तोरणे बांधा.

सगुणा मागावर बसली. विसाजी शेजारी सुताच्या कांड्या भरू लागला.

"धागा तुटला," तो म्हणाला. "कोणाची चूक, ते—"

"गाठ मारा," ती म्हणाली.

त्याने गाठ मारली. माग पुन्हा बोलू लागला. तसाच तुमच्याही आळीत बोलत राहो.