पाठीला माती

“शेवटचा कधी पडलास?” कुरोसे वस्तादांनी विचारलं.

भूपाल पैलवानानं मिशीवरून हात फिरवला. “नऊ वर्षं झाली. पाठीला माती लागू दिलेली न्हाई.”

दुभाषी अनघाताईंनी ते जपानीत सांगितलं. म्हाताऱ्यानं भूपालच्या पाठीकडं पाहिलं.

“दुखत असेल.”

“काय?”

“पाठ.”

भूपालला राग आला, पण पाहुण्यानं चिडायचं कसं? सांगलीकडचा हा गडी सुमो कुस्ती बघायला म्हणून टोकियोला आलेला. खरं कारण त्याच्या पोटात होतं. आठ दिवसांवर गावच्या जत्रेची कुस्ती होती, समोर हरियाणाचा तरणाबांड मल्ल. अख्खं गाव छाती फुगवून बसलं होतं, अन् ह्याला घास गिळवत नव्हता.

वस्ताद त्याला मोठ्या आखाड्याकडं घेऊन निघाले. रस्त्याला दुतर्फा मल्लांच्या नावांचे रंगीत झेंडे फडफडत होते. डोंगराएवढे गडी अंगात झगा, डोईला बुचडा, सायकलवरून झुलत चाललेले. केसांच्या तेलाचा गोड वास मागं रेंगाळायचा.

“बिचारी सायकल!” भूपाल पुटपुटला.

अनघाताईंनी तेवढं मात्र जपानीत सांगितलं नाही.

एका खानावळीच्या दारात मागच्या स्पर्धेचा तक्ता टांगला होता. नावांपुढं गोल काढलेले, काही पांढरे, काही काळे.

“पांढरा म्हणजे जिंकला, काळा म्हणजे हरला,” वस्ताद म्हणाले. “पंधरा दिवस, रोज एक कुस्ती.”

भूपालनं एका ओळीवर बोट ठेवलं. “ह्यो तर सात वेळा हरलाय की! ह्याला तालमीतनं हाकलला असंल.”

“नाही. वरच्या जागेवर घेतला.”

“सात वेळा हरून?”

“आठ वेळा जिंकून.”

भूपालचं बोट तिथंच राहिलं…

“ताई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “ह्यांना सांगा. खांदा निखळला म्हणून गावाला कळवणार हुतो. इथनंच. खांद्याला काय बी झालं न्हाई.”

वस्तादांनी ऐकून घेतलं. वळले आणि आपल्या तालमीकडं चालू लागले.

तालमीत सराव संपत आला होता. एक गडी छाती पुढं करून उभा राही, दुसरा त्याला रेटत कडेपर्यंत नेई, आणि शेवटी स्वतःच मातीत पडून लोळण घेई. उठला की पुन्हा तेच.

“लोळत्यात कशापायी?”

“सराव,” वस्ताद म्हणाले. “रोजचा.”

त्यांनी सदरा काढला. सत्तरीचा म्हातारा रिंगणात उभा राहिला, छातीवर थाप मारली. “रेट.”

भूपाल लंगोट कसून उतरला. सगळा जोर लावून त्यानं म्हाताऱ्याला कडेपर्यंत नेलं. तेवढ्यात वस्तादांचा हात त्याच्या मानेवर आला. हलकाच.

“आता पड.”

भूपालचे पाय मातीत रुतले. मान ताठ, घामाच्या धारा.

“पाडा की मला!”

“मी म्हातारा आहे. तू पड.”



भूपालनं डोळे मिटले. गुडघा वाकला, खांदा टेकला, अन् एवढा मोठा देह लोळत जाऊन उताणा पडला.

कुणी हसलं नाही. कुणी आरोळी ठोकली नाही. कडेचा एक गडी एवढंच म्हणाला, “पुढचा कोण?”

भूपाल छताकडं बघत राहिला. छातीत नऊ वर्षं कोंडलेला वारा सुटावा तसा त्याला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी कानात उतरलं, तरी हसू थांबेना.

“ताई, गावाकडं फोन लावा. म्हणावं, येतोय. लढतोय. मग हुईल ते हुईल.”

“रडताय का हसताय, पैलवान?”

“काय की बाई! भूक मात्र लागली.”

दोन गडी त्याला वळसा घालून सरावाला लागले. भूपालला एकदम लाज वाटली.

“वस्ताद, उठू का आता?”

वस्ताद त्याच्या उशाशी मातीत बसले.

“घाई काय? आत्ताच तर आलास.”