तुतीचा सॉस आणि करपलेली भाकरी

एकदा एका डोंगरमाथ्यावरच्या अतिथिगृहात, जिथे उन्हाळा लागता लागता कुंपणावरच्या तुती काळ्याभोर पिकत, तिथे एक वृद्ध आचारी होते. त्यांचे नाव बस्त्याव. पण लहानथोर सारे त्यांना बाबाच म्हणत. मूळचे वसईकडचे, ख्रिस्ती, मोजके बोलणारे. पन्नास वर्षे त्यांनी ती एकच चूल सांभाळली होती. त्यांच्या हाताखाली वैजयंती नावाची एक तरुणी शिकत होती. गृहशास्त्राची पदवी घेतलेली, हात नीटनेटका, वही त्याहून नीटनेटकी. स्वभाव मात्र भित्रा. कुकरची शिट्टी झाली की ती आधी दचके आणि मग शिट्ट्या मोजे. “पोरी, शिट्टी वरणाची झाली, तुला कुणी हाक नाही मारली,” असे बाबा म्हणत, आणि ती ओशाळून हसे.

ईस्टरच्या रविवारी तिथे दरवर्षी मोठे जेवण असे. जवळच्या शाळेचे जुने विद्यार्थी, आता केस पिकलेले, त्या जेवणासाठी लांबून येत. जेवणातला मानाचा पदार्थ हॅम, म्हणजे मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवून मग धुरी दिलेली डुकराची मांडी. तिच्यासोबत तुतीचा गोड सॉस. त्या वर्षी बाबांचे गुडघे कुरकुरू लागले होते. मालकीणबाईंनी वैजयंतीला स्पष्टच सांगितले की हॅम बाबा शिजवतील, सॉस तू एकटीने करायचास. तो जमला तर मे महिन्यापासून स्वयंपाकघर तुझे, नाही तर शहरातून आचारी आणावा लागेल.

वैजयंतीला रात्री झोप लागेना, कारण तिची अडचण तिने कुणालाच सांगितली नव्हती. तिच्या घरी मांस कधी शिजले नव्हते. आईने निघताना एवढेच म्हटले होते की काम कुठलेही कर, ताटात काय घ्यायचे ते तुझे तू ठरव. आणि तिने न खाण्याचे ठरवले होते. आता जे कधी तोंडात घातले नाही, त्याच्यासाठी गोड काय आणि किती करायचे? बाबांना विचारावे, तर ते सुरीने एक काप काढून पुढे धरतील, ही धास्ती.

शनिवारी सकाळी तिने तुती निवडल्या, देठ कातरले, साखर घातली, संत्र्याचा रस पिळला, दोन लवंगा टाकल्या आणि मंद आचेवर पातेले ठेवले. दर वेळी चाखण्याआधी ती कोमट पाण्याने चूळ भरे, म्हणजे जीभ कोरी राहावी. मग चाखे आणि वहीत लिही. सॉस खरोखर सुंदर झाला. बाबांनी एक थेंब चाखला आणि म्हणाले, “छान झालाय. उद्या पोळीबरोबर खाऊ.”

तिने साखर कमी करून दुसरे पातेले चढवले. बाबा म्हणाले, हाही छान, आणि तेही पातेले पोळ्यांच्या डब्याशेजारी नेऊन ठेवले. तिसऱ्या वेळी तिचे डोळेच भरून आले. ती म्हणाली, “बाबा, चुकतंय कुठे ते तरी सांगा.”

 बाबांनी तिचा जेवणाचा डबा उघडला, ज्वारीच्या भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तो चिमट्यात धरून निखाऱ्यावर धरला. कडा काळ्या पडल्या, धूर निघाला, तरी ते धरूनच राहिले. वैजयंतीला वाटले, म्हातारपणी भान सुटले की काय. मग त्यांनी तो करपलेला तुकडा पातळ तुपात पुरता बुडवला, दोन्ही अंगांना जाडे मीठ दाबले आणि तिच्या हातावर ठेवला.

“हे चावत राहा. गिळायच्या आधी सॉस चाख. आणि चूळ भरू नकोस.”

ती बिचकली. इतक्या खारट घासाने जीभ बिघडणार, मग चव कळणार कशी? पण बाबांपुढे बोलायची प्राज्ञा नव्हती. तिने घास घेतला, वर चमचाभर सॉस घेतला. आणि सकाळपासून जपलेला तिचा तो सुंदर सॉस त्या मिठापुढे, तुपापुढे, धुरापुढे नुसते साखरपाणी झाला. ती चकित झाली. तिने थोडा व्हिनेगर घातला. पुन्हा भाकरी, पुन्हा सॉस. मग मोहरी वाटून घातली. मग संत्र्याची साल किसून घातली. कितव्यातरी घासाला मीठ मवाळ झाले, तूप हलके झाले, करपटपणाचा खमंग वास झाला.

ती संकोचून म्हणाली, “बाबा, मला ही भाकरीच अजून हवीशी वाटतेय.”

“मग झाला,” असे म्हणून बाबांनी पातेल्यावर झाकण ठेवले. 

रविवारी बाबा धुतलेला सदरा घालून चर्चला गेले. वैजयंती न्हाऊन, चूळ भरून स्वयंपाकघरात आली. मन राहवेना म्हणून तिने झाकण काढून चमचाभर सॉस चाखला, आणि तिचे तोंड वाकडे झाले. आंबट! वर मोहरीचा झणका नाकात. हा असा सॉस आपण काल कसा काय पसंत केला?  बाहेर अंगणात पाहुण्यांच्या गाड्या लागत होत्या. तिने साखरेची बरणी उघडली, भरलेली वाटी पातेल्यावर नेली, तोच कुकरची शिट्टी झाली. ती दचकली आणि साखर ओट्यावर सांडली.

तिने सांडलेल्या साखरेकडे पाहिले. वाटी पुन्हा भरायला कितीसा वेळ लागणार होता? पण डब्यात कालच्या करपलेल्या भाकरीचा एक तुकडा तसाच होता. तिने तो तुपामिठात बुडवून तोंडात घातला आणि पुन्हा सॉस चाखला. सॉस कालच्यासारखाच होता. बदलले होते ते तिचे तोंड. तिने बरणीचे झाकण लावले आणि ओटा पुसून घेतला.

थोड्या वेळाने बाबा आले. ओट्याच्या कडेला राहिलेले साखरेचे चार कण त्यांनी पाहिले.  त्यांनी हॅमचा पहिला काप काढला, सॉसला लावून तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. मग पुटपुटले, “चाळीस दिवसांनी.”

वैजयंतीच्या लक्षात यायला क्षणभर लागला. “म्हणजे काल तुम्हीही हॅम न चाखताच…?”

“काल उपवासकाळ होता ना. ईस्टरआधी चाळीस दिवस मी मांस खात नाही. पन्नास वर्षं हा सॉस मी उपवासातच करत आलोय,” बाबा म्हणाले. “पहिल्या वर्षी मीही कोऱ्या जिभेला विचारून केला. लोकांनी सॉस बोटांनी चाटून खाल्ला आणि हॅम ताटात टाकलं. तेव्हा ही भाकरी सुचली. तू हॅम खात नाहीस, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, पोरी. खायला हवंच असं कुठे आहे? पण ज्याच्यासाठी करायचं, त्याच्या तोंडातलं मीठ आधी आपल्या तोंडात घ्यावं लागतं. नाहीतर आपण गोड करतो आणि ते आपल्यालाच गोड लागतं.”

जेवण सुरू झाले. वैजयंती दाराआड उभी राहून कान देऊन ऐकत होती. सॉसचे नाव कुणी काढीना. पहिली पंगत उठली, दुसरी बसली, तरी सॉसबद्दल एक शब्द नाही.  शेवटी एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ स्वयंपाकघराच्या दाराशी आले आणि म्हणाले, “बाबा, यंदा हॅम कुठून आणलंत? इतक्या वर्षांत असं खाल्लं नव्हतं.”

“नेहमीच्याच ठिकाणचं,” बाबा शांतपणे म्हणाले.

मालकीणबाई मोरीपाशी उभ्या राहून परत येणारी ताटे पाहत होत्या. एकाही ताटात तुकडा उरला नव्हता. त्या आत आल्या आणि कोठीची किल्ली त्यांनी वैजयंतीच्या वहीशेजारी ओट्यावर ठेवली. किल्ली खणकन वाजली, आणि वैजयंती नेहमीप्रमाणे दचकली. मग बाबांकडे पाहून हसली.

कुणाचे सांत्वन करायला निघताना आपले शब्द किती मधुर आहेत हेच चाखत बसणाऱ्या आपण सगळ्यांनी, वाटेत त्या करपलेल्या भाकरीचा एक घास घ्यावा.