सशाची धावपळ

रानात अजून माणसांची पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. पुरात बीळ वाहून गेलेला एक लंगडा ससा उघड्यावरच निजायचा. रानात दयाळू मंडळी काही कमी नव्हती. खारूताई वडाखाली दाणे वाटायची, माकडीण टेकडीवर जखमांना पाला बांधायची आणि ओढ्यापलीकडची घूस बेघरांना बिळात ठेवून घ्यायची. पण तिघींची वेळ एकच, दिवस मावळतानाची.

त्या संध्याकाळी ससा दाणे खाऊन पाय ओढत घुशीकडे निघाला. मागे वाळल्या पानांत तरसाची पावलं वाजत होती. तो पोहोचला तेव्हा घूस दार चिखलाने लिंपत होती.

"वेळ संपली. काल का नाही आलास?"

"काल पाय ठणकत होता, मावशी. टेकडीवर गेलो होतो."

"मग आज तरी लवकर यायचं!"

"आज भूक आवरेना. खाऊन येईपर्यंत तुमचं दार बंद."

घुशीचा पंजा थांबला. बोलावूनही येत नाही म्हणून तिघींनी या सशाला माजोरडा ठरवलं होतं.

तरस ओढ्यात उतरलं. घुशीने ओलं लिंपण ओरबाडून काढलं, सशाला कान धरून आत ओढलं आणि दार पुन्हा बुजवून ती दाराला पाठ लावून बसली. तरस बराच वेळ हुंगत राहिलं, मग गेलं.

उजाडताच घूस बाहेर पडली. परतली ती खारूताई आणि माकडिणीला घेऊनच. दाणे आणि पाला पाहून ससा धडपडत उठला.

"आज आधी कुठे येऊ?"

"कुठेच नको," घूस म्हणाली. "तू नीज. आता आम्ही येऊ."