रेजिनमायची झोप

काडेपेटी अजून आमच्या किनाऱ्याला ठाऊक नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. घरोघरी लोक विस्तव राखेखाली दाबून झोपायचे, आणि सकाळी ज्याची राख गार, त्याने करवंटी घेऊन शेजारी जायचं. त्या काळी वसईकडच्या पोफळआळीत रेजिन नावाची एक बाई राहायची. तिची चूल कधी विझली नाही, असं म्हणतात.

तिची मारीन दुपट्यातली होती तेव्हा तापाने फणफणली. डोळे फिरवले, दूध सोडलं. रेजिन चुलीपाशीच पोर मांडीवर घेऊन बसली होती. देवळापर्यंत जाण्याएवढंही बळ तिच्यात नव्हतं. तिथूनच तिने हात जोडले आणि म्हणाली, "मारियामाते, माझी पोर राहू दे. ही चूल मी विझू देणार नाही, आणि माझ्या दारात विस्तवाला आलेलं माणूस रिकामं धाडणार नाही."

पहाटे पोरीला घाम फुटला. ताप उतरला. नवस मात्र अंगावर राहिला.

नवस बोलायला एक श्वास पुरतो, फेडायला जन्म लागतो. रेजिन कोंबड्याच्या आधी उठायची. राख बाजूला सारायची, नारळाचं सोडण घालायची, फुंकणीने फुंकत बसायची. मग एकेक जण यायचं. म्हातारे, पोरं, नुकती लग्न होऊन आलेल्या सुना. कुणी म्हणायचं, "रेजिन, चूल तुझी का देवळाची गं?" ती हसायची आणि करवंटीत निखारा घालायची. मग विहिरीचं पाणी, पानवेलींची वाडी, नवऱ्याची न्याहारी, अंथरुणाला खिळलेली सासू, संध्याकाळची रोझरी. रोझरी म्हणता म्हणता तिचा डोळा लागायचा, बोटं मात्र मणी ओढत राहायची.

"मेल्यावर सांत पेद्रूने वरचं दार उघडलं ना," ती नवऱ्याला म्हणायची, "तर म्हणणार आहे, बाबा, स्वर्ग मागाहून दाखव. आधी एक चटई दे."

नवरा कैतान म्हणायचा, "तिथेही कुणीतरी विस्तव मागायला येईल बघ."

सगळी आळी तिच्याकडे यायची. एक घर तेवढं येत नव्हतं, आणि ते कुंपणापलीकडचंच होतं. थोरली जाऊ ज्युलियान. दोघा भावांची विहीर एक, रहाट एक, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या. एका उन्हाळ्यात कैतानने आपली पाळी सरल्यावरही रहाटाचा बैल सोडला नाही, ज्युलियानच्या वेली करपल्या. कैतानची माणसं सांगत, पाळी त्याचीच होती. खरं काय ते विहिरीलाच माहीत. तेव्हापासून बोलणं तुटलं. ज्युलियान विस्तवाला पार खालच्या आळीत जायची. "तिच्या विस्तवावर शिजलेला भात माझ्या घशाखाली उतरायचा नाही," म्हणायची. ते शब्द कुंपणावरून रेजिनच्या कानी यायचे. रोज 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हणताना दुसऱ्याला क्षमा करण्याच्या ओळीशी ती जरा अडखळायची आणि मग पुढे जायची.

असं म्हणतात, की एका श्रावणात समुद्र आळीच्या अंगावर चालून आला. पाऊस थांबेना, वारा थांबेना. छपरं गळून घराघरातल्या चुली भिजल्या. सगळं गाव रेजिनच्या दारात. ती देत राहिली. ओली लाकडं धूर नुसता ओकत होती. दुपारी शेवटचा माणूस गेला आणि तिने चुलीत वाकून पाहिलं, तर आत एकच निखारा. बोराएवढा. सासूच्या पोटात कालपासून काही नव्हतं, पेजेचं मडकं भरून ठेवलेलं होतं. रेजिनने निखाऱ्यावर सोडणाचे तंतू ठेवले आणि भिंतीला टेकली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होत होतं.

तेवढ्यात कुंपणाशी कुणीतरी दिसलं. ज्युलियान. डोक्यावर पोतं, हातात करवंटी. ती कुंपणाला धरून उभी होती. आत येत नव्हती, हाक मारत नव्हती, जातही नव्हती. मागून तिच्या घरातून लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. ती पहिलटकरीण बाळंतपणाला आलेली होती. सुईण आतून ओरडत होती, "अगं, ऊन पाणी आण! पोर गारठून जाईल!" खालच्या आळीची वाट तर पाण्याखाली गेली होती.

रेजिनने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा निखाऱ्याकडे. अर्धा करून चालणार नव्हतं, दोन्ही अर्धे विझले असते. हा दिला तर आपली चूल विझणार. चूल विझली तर नवस मोडणार. नवस मोडला तर... कोपऱ्यात मारीन तांदूळ निवडत बसली होती.

"माते," ती पुटपुटली, "मी दाराचं बोलले होते. कुंपणाचं नाही. ती दारात आलेली नाही, तिने मागितलंही नाही."

पलीकडून पोरगी पुन्हा कण्हली.

"बरं," रेजिन म्हणाली, जशी घरातल्याच कुणावर रुसून म्हणते तशी. "नवस मी मोडतेय. रागवायचं तर माझ्यावर रागव. पोरीकडे बघू नकोस."

तिने निखारा करवंटीत घेतला, पदराखाली धरला आणि पावसात उतरली. असं म्हणतात, की तिच्याभोवती हातभर पाऊस पडत नव्हता. कुणी म्हणतं, पडत होता, पण पदर भिजला नाही. करवंटी मात्र तापली होती. ज्युलियान तोंड उघडून बघत राहिली.

"तू?"

"जाऊबाई, बाजूला व्हा, हात भाजतोय," रेजिन म्हणाली.

मग दोघी मिळून फुंकत बसल्या. धुराने दोघींचे डोळे वाहत होते, म्हणून कोण रडतंय ते कुणालाच कळलं नाही. पाणी तापलं. दिवस कलताना मुलगा झाला, आणि एवढा जोरात रडला की सुईण म्हणाली, "हा तर फादर होणार, आत्तापासून प्रवचन देतोय!"

रेजिन घरी आली तेव्हा चूल काळी पडली होती. तिने राखेत बोटं घातली. गार. मारीनच्या कपाळाला हात लावून पाहिला, तेही गार. मग ती चुलीशीच बसली, चांगलं रडून घ्यावं म्हणून. पण रडायच्याही आधी झोप आली. देवळाची घंटा झाली, तिने ऐकली नाही. कोंबडा आरवला, तोही ऐकला नाही.

जाग आली ती तोंडावर ऊन पडलं म्हणून. पाऊस गेला होता. चूल धडधडत होती. मडक्यात पेज रटरटत होती आणि मारीन वाटी घेऊन तिच्याकडे बघत होती. ती दचकून उठायला गेली, तर सासूचा आवाज आला, "पड गं. आज काही बुडत नाही."

तो विस्तव कुणी ठेवला? कुणी म्हणतं, खुद्द मातेने. कुणी म्हणतं, वर्षानुवर्षं अंथरूण न सोडलेली सासू उठली. आणि बाया एकमेकींत म्हणतात, की ज्युलियान पहाटे करवंटी घेऊन आली, बिनहाकेची, पाय न वाजवता, आणि जाताना रेजिनच्या अंगावर आपलं लुगडं टाकून गेली. रेजिनने कधी विचारलं नाही. लुगडं मात्र तिने परत केलं नाही. मारीन म्हातारी होऊन, पतवंडं बघून गेली.

आता घरोघरी गॅस आहे. तरी पोफळआळीत पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाच्या दुसऱ्या दिवशी घरची बाई शेगडी पेटवत नाही. शेजारीण येते, हळूच दार लोटते, पेटवते आणि चहाचं आधण ठेवून जाते. वर्षभरात जिच्याशी अबोला झाला असेल, तिनेच त्या घरी जायचं. हाक मारायची नाही, मागचं काढायचं नाही. आणि एखादं लहानगं जागं होऊन "आई" म्हणून ओरडायला लागलं, तर मोठी माणसं ओठांवर बोट ठेवतात.

"हळू. रेजिनमाय झोपलीय."